पुसण्याआधी

आमच्या लहानपणी शाळेत दगडी पाटी असे. ती पुसण्याच्या दोन रीती होत्या. पहिली ओल्या फडक्याची. ती घरून शिकवलेली. दुसरी थुंकी लावून मनगटाने पुसण्याची. ती आम्ही स्वतःच्या प्रतिभेने आत्मसात केलेली. या दुसऱ्या रीतीत एक खोट होती. पाटी ओली असेतो काळीभोर, निर्मळ दिसे. वाळली की आदल्या चुकलेल्या गणिताचे पांढुरके आकडे हळूहळू वर येत, आणि बाईंच्या नजरेला नेमके तेच पडत. पुसलेले दिसणे आणि पुसलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा आम्हांला तिथे मिळाला. तो पुढे पोटापाण्याच्या उपयोगी पडेल असे मात्र तेव्हा वाटले नव्हते.

आम्ही जे काम करतो त्याला भारदस्त मराठी नाव नाही. कंपन्या, दवाखाने, पतसंस्था आपले जुने सर्व्हर निकालात काढतात. त्यांतल्या हार्ड डिस्क आमच्या टेबलावर येतात. त्या तपासायच्या, नव्याने फॉरमॅट करायच्या, त्यांवरचे सगळे कायमचे पुसायचे, आणि ज्या धडधाकट ठरतील त्या पुढच्या मालकाकडे रवाना करायच्या. कुणी विचारले तर आम्ही 'संगणकाचे काम' एवढेच सांगतो. एकदा एका नातेवाइकांनी खोदून विचारल्यावर आम्ही सविस्तर सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे पाट्या पुसता!" त्यांच्या मनात उपहास होता, आम्हांला ती व्याख्या फार अचूक वाटली.

गेल्या महिन्यात पुण्याजवळच्या एका रुग्णालयाच्या बारा डिस्क आमच्याकडे आल्या. प्रत्येकी ४ टेराबाइटच्या, एसएएस जातीच्या, एका साठवणयंत्रातून काढलेल्या. त्यांतल्या चांगल्या निघतील त्या एका वाचनालयाला द्यायच्या, जुन्या नियतकालिकांची पाने स्कॅन करून ठेवण्यासाठी, असे ठरले होते. टेबलावर ओळीने मांडलेल्या त्या बारा पेट्या पाहून कुणाच्या मनात कसलीही भावना उत्पन्न होणार नाही. पण आम्हांला त्यांच्याकडे पाहताना थोडे दडपण येते, आणि ते का येते हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

आधी तपासणीविषयी. डिस्क ही बोलकी वस्तू आहे. फक्त तिच्याशी थेट बोलता आले पाहिजे. सर्व्हरमध्ये बहुधा मधे रेड कार्ड असते. ते अनेक डिस्कांची मोट बांधून बाहेर एकच मोठी डिस्क दाखवते. एकत्र कुटुंबातल्या सुनेप्रमाणे एकेका डिस्कचे दुखणे त्या पडद्याआड राहते. म्हणून आम्ही ती बाहेर काढतो, साध्या कार्डाला जोडतो आणि 'स्मार्ट' या तिच्या अंगभूत नोंदवहीत काय लिहिले आहे ते वाचतो. या बाराही डिस्क सुमारे सत्तेचाळीस हजार तास चाललेल्या होत्या, म्हणजे पाच वर्षे आणि वर चार महिने अखंड. रुग्णालयात दिवाळी नसते, डिस्कलाही नव्हती. किती तास चालली यापेक्षा किती जागा नासल्या हे महत्त्वाचे. डिस्कवरचा एखादा तुकडा खराब झाला की डिस्क तो मुकाट्याने बाद करते, राखीव साठ्यातला दुसरा तुकडा त्याच्या जागी घेते आणि यादीत नोंद करते. ही यादी थोडी असून स्थिर असेल तर काळजी नसते; आठवड्यात वाढली तर निरोपाची वेळ आली असे समजावे.

पण या नोंदवहीवर भाबडा विश्वास ठेवू नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी प्रमुख मानलेल्या चार पूर्वसूचनांपैकी एकही दिली नव्हती. कालपर्यंत चालताबोलता असलेला माणूस सकाळी उठलाच नाही, अशी उदाहरणे आपण घरोघरी ऐकतोच. तेव्हा खरी परीक्षा एकच: सगळा पृष्ठभाग लिहून काढायचा आणि लिहिले तेच परत वाचता येते का ते पाहायचे. आम्ही चार आकृतिबंध लिहितो. एक-शून्य-एक-शून्य, मग त्याच्या उलट, मग सगळे एक, मग सगळे शून्य. प्रत्येक वेळी लिहायचे आणि प्रत्येक वेळी वाचायचे, म्हणजे आठ फेऱ्या. ४ टेराबाइटच्या डिस्कला एका फेरीस सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या वेगाने सुमारे साडेसात तास लागतात. आठ फेऱ्यांना साठ तास, म्हणजे अडीच दिवस. या कामाला बुद्धी थोडी आणि सबुरी फार लागते.

साठवणयंत्रातून आलेल्या डिस्कांची आणखी एक गंमत असते. सर्वसाधारण डिस्क आपली जागा ५१२ बाइटच्या घरांत विभागते (हल्ली ४०९६ बाइटचीही घरे असतात). या बारा डिस्कांचे घर ५२० बाइटचे होते. वरचे आठ बाइट मजकूर बिघडला नाही ना, हे पडताळण्यासाठी असतात. असे घर साध्या संगणकाला कळत नाही. तो डिस्क ओळखतो, पण तिच्याशी व्यवहार करत नाही. परगावच्या पाहुण्याला नमस्कार करावा पण आत बोलावू नये, तसे. मग डिस्कला मुळापासून फॉरमॅट करावे लागते. आज्ञा दिली की डिस्क कित्येक तास मौनात जाते, आणि त्या अवधीत वीज गेली तर ती अर्धवट अवस्थेत अडकते. सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. पुण्यातले लोक आमचे पथ्य लगेच ओळखतील: हे काम आम्ही गुरुवारी करत नाही.

आता पुसण्याविषयी. संगणकावर 'डिलीट' केले की मजकूर गेला, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात जाते ती अनुक्रमणिकेतली ओळ. पुस्तकातले प्रकरण जिथल्या तिथे असते. फक्त 'ही पाने मोकळी समजावीत' अशी नोंद होते. नेहमीच्या झटपट फॉरमॅटने जुनी अनुक्रमणिका बाजूला सारून नवी कोरी लावली जाते. पाने चाळायची तयारी असेल त्याला सगळे वाचता येते. मराठीत यासाठी आपल्याकडे चांगले शब्द आहेत. खोडणे वेगळे, पुसणे वेगळे. खोडलेले अक्षर रेघेखाली दिसत राहते. संगणकाचा डिलीट हा त्या हिशेबाने खोडण्याच्याही अलीकडचा प्रकार आहे.

हे आम्हांला पुस्तकातून कळले असते तर बरे झाले असते. २००४ च्या सुमारास आम्ही जुन्या बाजारातून ४० गिगाबाइटची एक डिस्क स्वस्तात आणली. ती कोरी दिसत होती. नुकतेच एक 'पुसलेले परत मिळवणारे' सॉफ्टवेअर हाती लागले होते, आणि नवा सुरा मिळालेल्या पोरासारखी आमची स्थिती होती. ते चालवले. तासाभरात एका प्रयोगशाळेचे तपासणी-अहवाल ओळीने उभे राहिले. नाव, वय, डॉक्टरांचे नाव, साखर, हिमोग्लोबिन. आम्ही एकामागून एक उघडत गेलो; कुतूहलाला लाज नसते. मग एका तरुणाचा अहवाल आला. जो आजार लोक सख्ख्या भावापासून लपवतात त्याची ती तपासणी होती, आणि समोर 'पॉझिटिव्ह' असे लिहिले होते. आम्ही संगणक बंद केला. त्या तरुणाला आम्ही कधी पाहिले नाही, पाहणारही नाही. पण त्याने ज्या चार माणसांना हे सांगितले असेल त्यांत त्याच्या नकळत आम्ही पाचवे झालो होतो. भंगारात डिस्क टाकणाऱ्याने काही चोरले नव्हते, आम्हीही चोरले नव्हते. तरी त्या तरुणाचे काहीतरी चोरीला गेले होते.

पुढे कळले की हा केवळ आमच्या गावचा गबाळेपणा नव्हे. सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत या दोघा अमेरिकी संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या, आणि तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला होता. त्यांपैकी १२९ चालू निघाल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक हजारोंनी होते. श्रीमंतांघरीही मातीच्याच चुली. मॉर्गन स्टॅन्ले या बलाढ्य वित्तसंस्थेच्या शाखेने जुने सर्व्हर आणि डिस्क काढून टाकण्याचे काम सामानाची ने-आण करणाऱ्या, या विषयातला अनुभव नसलेल्या कंपनीकडे सोपवले. त्यांतली काही यंत्रे ग्राहकांच्या माहितीसह लिलावात विकली गेली, आणि २०२२ साली अमेरिकेच्या रोखे आयोगाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला.

दुसऱ्या टोकालाही लोक असतात. पीटर गुटमन यांनी १९९६ साली एक निबंध लिहिला आणि पुसण्यासाठी ३५ फेऱ्यांची एक मालिका सांगितली. त्या फेऱ्या त्या काळच्या वेगवेगळ्या धाटणीच्या डिस्कांसाठी मिळून होत्या. एका डिस्कला सगळ्या लागतच नव्हत्या. लोकांनी मात्र पस्तीस हा आकडा पाठ केला. पुढे खुद्द गुटमन यांनीच, लोक याकडे तांत्रिक विश्लेषण म्हणून न पाहता भूत उतरवायचा मंत्र म्हणून पाहतात, अशा अर्थाची टीप जोडली. आजही एखादे ग्राहक आम्हांला "पस्तीस वेळा करा हं" असे बजावतात. आमच्या या ४ टेराबाइटच्या डिस्कला ते अनुष्ठान अकरा दिवस पुरेल. आजच्या फिरत्या डिस्कवर सगळीकडे एकदा नीट लिहिले आणि वाचून पडताळले तर साध्या मार्गाने काही परत मिळत नाही. प्रश्न 'किती वेळा' हा नसून 'सगळीकडे' हा आहे. बाद करून बाजूला ठेवलेले तुकडे आठवतात ना? त्यांवरचा जुना मजकूर तसाच राहू शकतो, कारण वरून लिहिणारा तिथे पोचतच नाही. तिथे डिस्कलाच स्वतःला पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. एसएसडीचे तर सगळेच निराळे. ती झीज सारखी वाटून घेण्यासाठी दरवेळी नव्या जागी लिहिते. आपण जुन्यावर लिहिले असे आपल्याला वाटते, इतकेच. तिथे तिची स्वतःची पुसण्याची आज्ञा, किंवा मजकूर पहिल्यापासून कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवून शेवटी किल्ली नष्ट करणे, हे मार्ग. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने याच्या तीन पायऱ्या घालून दिल्या आहेत: साफ करणे, समूळ काढणे आणि वस्तूच नष्ट करणे. कुठली पायरी निवडायची हे डिस्क कुठली आहे यावर आणि मजकूर कुणाचा आहे यावर ठरते.

इथवर वाचून वाचकांचा असा समज होईल की आम्ही फार दक्ष गृहस्थ आहोत. म्हणून आता दुसरी गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगायला आम्हांला बरीच वर्षे लागली.

२००९ साली एका छोट्या संस्थेचा सर्व्हर बदलायचे काम आमच्याकडे होते. जुन्या दोन डिस्क पुसायच्या, तिसरी ठेवायची. तिसऱ्या डिस्कवर एका निवृत्त प्राध्यापकांचे काम होते. ते मूळचे वऱ्हाडातले. गावोगाव हिंडून त्यांनी म्हाताऱ्या बायांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते: शेतीचे शब्द, स्वयंपाकाचे शब्द, शिव्या, म्हणी, बाळंतिणीच्या खोलीतले शब्द. साठेक तासांचे ते ध्वनिमुद्रण. आम्ही संध्याकाळी संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू केला, आणि पुसण्याची आज्ञा दिली. संगणक डिस्कांना नावे देतो ती सापडतील त्या क्रमाने. बंद करून चालू केला की क्रम बदलू शकतो. हे आम्हांला माहीत होते. माहीत असणे आणि त्या क्षणी आठवणे यांत अंतर असते. चाळीस मिनिटांनी चहा घेऊन परतलो तेव्हा डिस्कचा आवाज दुसऱ्याच खणातून येत असल्याचे जाणवले. दोनशेहून अधिक गिगाबाइटवर शून्ये लिहून झाली होती.

ज्यांनी अशी चूक केली आहे त्यांना पुढच्या पाच मिनिटांचे वर्णन नको. ज्यांनी केलेली नाही त्यांना ते कळणार नाही.

उरलेल्या भागातून रात्रंदिवस खपून वीसेक तासांचे ध्वनिमुद्रण काढता आले. पण अनुक्रमणिका डिस्कच्या आरंभीच होती आणि तीच पहिल्यांदा गेली होती. त्यामुळे जे परत आले ते निनावी आले. बाई बोलते आहे, मधेच हसते आहे, मागे कोंबडी ओरडते आहे. पण ही बाई कोण, गाव कुठले, साल कुठले, काही कळायला मार्ग नाही. आवाज आहे, नाव नाही. मूळ कॅसेटी होत्या का, असे आम्ही विचारले. काही होत्या, पुष्कळशा, एकदा संगणकावर उतरवल्यानंतर, काटकसर म्हणून पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. त्या वृद्धांपैकी बऱ्याच जणी तोवर गेल्या होत्या. इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या मुखी होती म्हणून तरली, असे सांगणारे आहेत. हे शब्द ज्यांच्या मुखी होते त्या मुखांचीच ही एकमेव प्रत होती.

प्राध्यापक कार्यालयात आले. आम्ही सगळे खरे सांगितले. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. एरवी ते आमच्याशी स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलत, त्या दिवशी घरच्या बोलीत म्हणाले, "पुसाच्या आंधी पुसा लागते, बाप्पा."

वऱ्हाडात 'पुसणे' म्हणजे विचारणे, हे वाचकांना सांगायला नको. जुन्या मराठीतही तो अर्थ होताच. आम्ही शहरी लोकांनी तो टाकून दिला आणि फडक्याचा तेवढा ठेवला. त्यांनी ते वाक्य रागाने उच्चारले नाही. एखादा नियम सांगावा तसे सांगितले, आणि ते खरोखरच आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे. जुन्या बाजारातल्या डिस्कच्या मालकाने 'ही पुसली का?' असे कुणाला पुसले नाही. आम्ही 'हीच का पुसायची?' असे पुसले नाही. एकीकडे जे पुसायला हवे होते ते उरले, दुसरीकडे जे उरायला हवे होते ते पुसले गेले. आणि दोन्ही चुकांचे मूळ एकच.

तेव्हापासून आमची रीत बदलली आहे. पुसायची डिस्क ज्या यंत्रात असेल त्यात दुसरी कुठलीही डिस्क ठेवायची नाही. संगणकाने दिलेल्या नावावर विसंबायचे नाही. डिस्कच्या अंगावर छापलेला अनुक्रमांक एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने कागदावरच्या अंकाशी ताडून 'हो' म्हणायचे. तपासणीसुद्धा पुसून टाकणारी असते, तेव्हा तपासणीआधीच मालकाला लेखी विचारायचे: यांतले सगळे दुसरीकडे आहे ना? आणि ते दुसरीकडचे उघडून पाहिले आहे ना? या दुसऱ्या प्रश्नावर पुष्कळ ग्राहक चिडतात. त्यांतले काही दोन दिवसांनी फोन करून "बरं झालं विचारलंत" असे म्हणतात.

रुग्णालयाच्या बारा डिस्कांचे असे झाले. नऊ चारही परीक्षांत उत्तीर्ण झाल्या. दोघींच्या खराब तुकड्यांची यादी डोळ्यांदेखत वाढत गेली. एक सुरूच झाली नाही. व्यवस्थापक म्हणाले, "ती तर मेलेलीच आहे, द्या भंगारात." आम्ही त्यांना समजावले की खरी धास्ती हिचीच आहे. जिवंत डिस्कला पुसता येते, पडताळता येते. मेलेल्या डिस्कला आपण काही सांगू शकत नाही, पण तिच्या तबकड्यांवरचे सगळे शाबूत असते, आणि जाणकार माणूस नवा सुटा भाग बसवून ते वाचू शकतो. ज्यांचे केसपेपर त्यावर आहेत त्या रुग्णांना आपण विचारू शकत नाही. पण विचारले असते तर ते काय म्हणाले असते हे आपल्याला ठाऊक आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानेही, काम संपले की माहिती पुसावी, हे माहिती बाळगणाऱ्याचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. कायद्याचे नाव ऐकून व्यवस्थापक हलले. रुग्णांच्या नावाने हलले असते तर आम्हांला अधिक बरे वाटले असते. असो. त्या तीन डिस्क आमच्यासमोर यंत्रात घालून तुकडे तुकडे करून घेतल्या. नऊ वाचनालयात पोचल्या आहेत.

प्राध्यापक आता नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी त्या निनावी वीस तासांची एक प्रत आमच्याकडे सोपवली होती. "कोणी ओळखलं तर लिहून ठेवा," एवढेच म्हणाले. आज ते ध्वनिमुद्रण आमच्याकडे तीन वेगवेगळ्या डिस्कांवर, दोन वेगळ्या गावांत आहे. दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही त्या तिन्ही तपासतो. त्या डिस्कांवर लिहायचे नाही, फक्त वाचायचे. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत. वर्षभर दुसऱ्यांच्या डिस्क पुसण्यासाठी जी काळजी घेतो तीच इथे न पुसण्यासाठी घेतो. तपासणी चालू असते तेव्हा कधी कधी एखादे ध्वनिमुद्रण लावून ऐकतो.

वऱ्हाडाकडचे कुणी घरी आले की त्यांनाही ऐकवतो आणि पुसतो, ओळखीचा वाटतो का आवाज? आजवर तीन बायांची नावे लागली आहेत.